कोरड्या टबात बसलेली माणसं

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नणंदेने घरातल्या धाकट्या सुनेला एक इशारा दिला होता. कपाटात कपडे लावता लावता ती म्हणाली होती, “वहिनीबाई, या घरात एक रीत आहे. ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची, तो सोडून बाकी सगळ्यांचं मत घेतात. तुझ्यासाठी काही आणायला निघाले ना, की तू आधीच जाऊन गाडीत बसत जा.” धाकटी खूप हसली होती. सासरी गेलेली लेक, माहेरच्यांवर थोडं तोंडसुख घेणारच, असं तिने धरलं आणि विसरून गेली.

आज ती हसत नव्हती. टबांच्या शोरूममध्ये लेकीला, चिमणीला कडेवर घेऊन ती उभी होती, आणि समोर तिचे थोरले दीर, ज्यांना घरदार आणि गिऱ्हाईकं सगळीच दादा म्हणत, बूट काढून, मोजे तसेच ठेवून, एका भल्यामोठ्या गरम पाण्याच्या टबात बसले होते. टबात पाण्याचा थेंब नव्हता.

“अरे, काय पाठ आहे!” दादांनी अंग मागे टाकलं. “ही गोलाई बघ. आपल्या हातून निघायची म्हटलं तर घाम फुटेल. ये रे, तूही बस.”

तो ‘तू’ म्हणजे धाकटीचा नवरा. तोही बूट काढून आत उतरला. दोघे भाऊ उंचेपुरे, रुंद खांद्यांचे. रिकाम्या हौदात समोरासमोर पाय पसरून, माना डोलवत, हाताने कडा दाबत, कोपराने टेकणं तपासत त्यांची परीक्षा चालली होती. तीन पिढ्या सोफे आणि खुर्च्या करणारं हे घर. बसल्याशिवाय बैठक कळत नाही, ही सासऱ्यांची शिकवण. ते गेले तरी शिकवण खणखणीत होती. डॉक्टरकडे गेले तरी ही माणसं आधी तिथल्या बाकाची स्प्रिंग तपासायची.

“सहा जण आरामात बसतात,” विक्रेता म्हणाला. त्याच्या शोरूममधले सगळे सोफे दादांच्याच हातचे, त्यामुळे तो अगदी घरचा झाला होता. “पाठीवर झोत मारणाऱ्या तोट्या बघा किती. पाण्याखाली रंगीत दिवे. गाणीही लागतात. आणि ही खास आडवी सीट, लोळायची.”

“दिवे दाखवा ना,” मोठी जाऊ म्हणाली. टब जांभळा झाला, मग हिरवा. मोठीचा चेहराही त्याबरोबर उजळला.

“झाकण कुठंय याचं?” धाकटीने विचारलं.

“सोबत साधं येतं मॅडम, ताडपत्रीसारखं.”

“कुलूप लागतं त्याला?”

“कुलूप?” विक्रेत्याने दादांकडे बघून डोळे मिचकावले. “एवढा टब कोण खिशात घालून नेणार आहे?”

सगळे हसले. धाकटीने चिमणीचा पाय घट्ट धरला. नुकतं चालायला लागलेलं पोर ते, जिथे कड दिसेल तिथे पोट टेकवून पलीकडे डोकावणारं. बादलीसुद्धा रिकामी करून उपडी ठेवायची सवय धाकटीने सगळ्या घराला लावली होती, आणि त्यावरूनही तिची भरपूर थट्टा झाली होती.

“मग बाजूच्या फळीमागे काय आहे? फोम भरलाय की पोकळ? पाणी तापवायचं आणि ऊब बाहेर सोडायची, तर टब स्वस्तात पडूनही महागात पडेल. वीज कुठे गळली तर आपोआप तोडणारा स्विच आहे का? पाणी किती तापतं, आणि त्याच्यावर जाऊ नये म्हणून काही सोय?”

“ते सगळं स्टँडर्ड असतं मॅडम.”

स्टँडर्ड! चिमणीला दूध पाजता पाजता कित्येक दुपारी तिने फोनवर हेच वाचून काढलं होतं. मोजक्या पैशांत टब घ्यायचा तर पैसे कुठे ओतायचे आणि कुठे हात आखडायचा, हे तिला आता पाठ झालं होतं. कवच, फोम, झाकण, मोटर यांत कसर नको. दिवे, गाणी, जादा तोट्या या सगळ्यावर फुली. इथे नेमका उलटा कारभार चालला होता.

आणि जिच्यासाठी हा खटाटोप, ती कुठे होती? सासूबाई दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या, पायाशी दोन्ही मुलांचे बूट. जन्मभर उशांना हातशिलाई घालून त्यांचे गुडघे आणि खुबे पार गेले होते. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी कोमट पाण्यात रोज थोडा वेळ बसायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी वर बजावलं होतं, की रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा पाणी फार गरम नको, फार वेळ नको, आणि एकटं मुळीच नको. एका हॉटेलच्या सोफ्यांच्या मोठ्या कामातून घराने टबासाठी पैसे बाजूला काढले, इथवर सगळं चांगलंच होतं.

“मागच्या खोलीत दोन टब भरून ठेवलेत,” धाकटी म्हणाली. “पाण्यात बसून बघा अशी पाटीच आहे. आईंना बसवून बघू या.”

“सोफा घेताना कधी पाण्यात बुडवून बघितलास?” दादा हसले. “कॉलेज, तू पुस्तकातून शिकलीस, आम्ही बुडाखालून शिकलो.” तिचं नावच त्यांनी कॉलेज ठेवलं होतं.

“भाऊजी, टब कुणासाठी घेतोय आपण?”

“आईसाठी. हे काय विचारणं झालं?”

“मग बसून आईंनी बघायला नको?”

“तिला कुठे चढउतार करायला लावतेस? गुडघे दुखतात तिचे!”

ज्या गुडघ्यांसाठी टब, त्याच गुडघ्यांची सबब सांगून टबाजवळ फिरकू द्यायचं नाही! धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो मोठ्या तन्मयतेने एका तोटीत बोट घालून बघत होता. दोन्ही डगरींवर हात ठेवण्यात त्याचा हातखंडा होता.

दादांनी टबात बसल्या बसल्याच विक्रेत्याच्या हातात हात दिला. “हाच. परवा पाठव. माझा शब्द.”

दुपारी कारखान्यात कात्र्या चालू होत्या, पण बोलणं बंद होतं. कापड बेतायच्या लांब टेबलाच्या एका टोकाला धाकटी, दुसऱ्या टोकाला मोठी. मधे निळ्या मखमलीचं मैदान.

मोठीला धाकटीचा राग आला होता. कधी नव्हे ते घरात काही देखणं येत होतं. मैत्रिणींना बोलवावं, अंगणात दिवे लागावेत, कुणीतरी म्हणावं की बाई, मजा आहे तुमची, एवढंच तर तिचं मागणं. आणि ही पोरगी त्यातही कुलूप आणि फोम घेऊन बसली होती.

“तुला सगळीकडे संकटच कसं गं दिसतं?” ती शेवटी म्हणाली.

“जाऊबाई, संकट आलं की सगळे मलाच विचारतील, तू कुठे होतीस म्हणून.”

“आईंना नसेल जमत तर आपण बसू की. वाया थोडाच जाणार आहे?”

“म्हणजे आईंच्या नावाने आपल्यासाठी घ्यायचा?”

मोठी चपापली. उत्तर तिच्या जिभेवर होतं, पण तेवढ्यात दादा आत आले. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

“पुन्हा तेच? तुझं शिक्षण झालं, आमचा मात्र छळ चाललाय,” ते म्हणाले. “शब्द दिलाय मी. त्या माणसाचं वर्षाचं काम आपल्याकडे येतं. आता माघार घेऊन तोंड कुठे लपवू?”

“आईंना त्या आडव्या सीटवर बसता येईल का, एवढंच बघू या. नाही आलं तर?”

“येईल. सवय होईल. आईला आजवर कशाची सवय झाली नाही, सांग बरं?”

हे वाक्य दादांनी कौतुकाने उच्चारलं होतं. आईचा सोसणारा स्वभाव हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. पण मोठीची कात्री मखमलीत अडली.

सवय. स्वयंपाकघराचा ओटा बांधला तेव्हाही हाच शब्द होता. दादांनी स्वतःच्या कमरेला हात लावून गवंड्याला उंची दाखवली होती. ती बुटकी, म्हणाली, मला जरा उंच होईल हो. सवय होईल गं, असं ते म्हणाले. तेव्हापासून ती लाकडी पाट पायाखाली घेऊन स्वयंपाक करत होती, आणि तो पाट पायाने इकडून तिकडे ढकलत होती. ओट्याजवळ कधीही न उभं राहणाऱ्या माणसाच्या मापाचा ओटा!

“मी पण येते उद्या,” मोठी म्हणाली.

“कुठे?”

“आईंना घेऊन. पाण्यात बसवून बघायला.”

“तू? अगं, तुला तर दिवे आवडले होते!”

“आवडले होते. दिव्यांच्या उजेडात सासू गटांगळ्या खाताना बघायची मला हौस नाही.” तिने कात्री खाली ठेवली. “आणि तुमच्या आईचं काय ते आईंना विचारा. माझ्या ओट्याचं आपण नंतर बोलू.”

“ओट्याचं? मधेच ओटा कुठून आला?”

धाकटीने मखमलीच्या मैदानापलीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मोठीने मान हलवून तिला साथ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूमच्या मागच्या खोलीत सगळे पुन्हा हजर. दादाही आले होते, बायकांनी परस्पर आपला शब्द मोडू नये म्हणून. सासूबाई जुना सुती गाऊन घालून, मोठीच्या खांद्याचा आधार घेत उभ्या होत्या. कालचाच टब इथे भरून ठेवला होता. तळाचे दिवे लागले होते आणि पाणी जांभळं दिसत होतं.

“पाणी आधी कोमट करा,” धाकटी म्हणाली. विक्रेत्याने तोंड वाकडं करत गार पाणी सोडलं. पाणी निवेपर्यंत ती हात बुडवून बघत राहिली. चिमणी नवऱ्याकडे होती, आणि त्याला बजावलं होतं की पोरीला खोलीत जमिनीवर ठेवायचं नाही म्हणजे नाही.

सासूबाई चढल्या. पायरी उंच होती. दोन्ही सुनांनी धरलं तेव्हा कुठे त्या आत उतरल्या. पाण्याची ऊब पोटऱ्यांना लागली आणि त्यांच्या तोंडून नकळत सुस्कारा निघाला. किती वर्षांनी पाय हलके झाले होते! मुलगा म्हणत होता त्या आडव्या सीटवर त्या बेताबेताने टेकल्या. पाठ घसरली. पायांना टेकायला काहीच सापडेना. सीटचं टोक त्यांच्या टाचांच्या कितीतरी पुढे होतं. पाय तरंगून वर आले, कंबर सुटली, पाणी हनुवटीवरून ओठांवर आणि ओठांवरून नाकात गेलं. धरायला म्हणून हात मारला तर कडा रुंद, गुळगुळीत. बोटं नुसती सरकत गेली. वरचा जांभळा उजेड डोळ्यांत शिरला आणि कान बंद झाले.

धाकटी कपड्यांसकट आत होती. तिने काखेत हात घालून सासूला उचललं. सासूबाई खोकत राहिल्या. मोठीने त्यांची पाठ चोळायला घेतली.

“त्यांनी पाय टेकवायला पाहिजे होते,” विक्रेता म्हणाला.

“कशाला टेकवायचे? हवेला?” धाकटीचा आवाज चिरकला. ओल्या कपड्यांतून पाणी निथळत होतं, पण आता तिला कुणाची भीडभाड उरली नव्हती. “काल दोन धिप्पाड माणसं कोरड्या टबात बसून माना डोलवत होती. पाण्यात माणूस तरंगतो, एवढं साधं कुणाच्या डोक्यात येऊ नये? आम्ही दोघी इथे नसतो तर? घरी अंगणात त्या एकट्या असत्या तर? आणि मी विचारलं की हसता! कॉलेज म्हणता! हसा ना आता!”

“अगं, पहिलीच वेळ आहे,” दादा पुटपुटले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “हळूहळू सवय—”

“गप्प बस!”

तो आवाज सासूबाईंचा होता. त्यांनी कपाळावरचे ओले केस मागे सारले.

“सवय, सवय! तुझ्या बापाने या घरात जेवढ्या खुर्च्या केल्या, तेवढ्या सगळ्या स्वतःच्या मापाच्या. तुम्हीही तेच माप चालवलंत. अरे, लग्न होऊन आल्यापासून या घरातल्या एकाही खुर्चीवर बसून माझे पाय जमिनीला टेकले नाहीत. कळतंय का? सगळ्या गावाला बैठका करून दिल्यात तुम्ही. मी लटकत्या पायांनी तुमच्या उशा शिवत राहिले. आणि आता गुडघे गेले म्हणून मला बुडवायला आणलंत!”

दादा आईकडे बघत होते, मग तिच्या पायांकडे. इतकी वर्षं त्याच घरात राहून जे दिसलं नव्हतं ते आता एकदम दिसल्यासारखे. मग त्यांनी विजेचं मोठं बटण बंद केलं, खिशातला पेचकस काढला, टबाच्या बाजूला उकिडवे बसले आणि फळीचे स्क्रू सोडवायला लागले.

“अहो दादा, हे काय करताय?” विक्रेता धावला.

फळी निघाली. आत अंधार होता. दादांनी हात घातला तो कोपरापर्यंत आरपार गेला. काही नळ्या, एका चंदेरी कागदाचा सुटलेला पापुद्रा, आणि बाकी सगळी पोकळी.

“फोम कुठंय?” दादा हळू आवाजात म्हणाले.

“ते... या मॉडेलमध्ये तो कागद पुरतो.”

“कागद पुरतो?” दादा उठले. आता त्यांना आवाज सापडला होता. “वर मखमल आणि आत भुसा! असा सोफा मी तुला दिला असता तर तू माझ्या दारात येऊन गोंधळ घातला असतास. माझ्याकडे फोमचा माणूस म्हणून येतोस आणि मलाच पोकळ माल गळ्यात मारतोस? माझा शब्द घेतलास तू, शब्द! तो मी आत्ता परत घेतला!”

धाकटी टॉवेलमध्ये गुरफटून ऐकत होती. दादांची चीड खरी होती, तिला पटतही होती. पण तिच्या मनात आलं, बघा, फसवणाऱ्यावर किती झकास चिडता येतं या माणसाला. स्वतःची चूक झाली हे दोन शब्द मात्र टबाच्या पोकळीतच कुठेतरी हरवले. तिचा राग तेवढ्यापुरता उरलाच.

शेजारचा दुसरा टब साधा होता. चौघांपुरता, राखाडी, ना दिवे ना गाणी. आतल्या बैठकी वेगवेगळ्या उंचीच्या, एक तर अगदी पायरीइतकी वर, आणि तिच्या बाजूला धरायला दांडी. दादांनी काही न बोलता त्याचीही फळी काढली. आत फोम ठासून भरलेला. त्यांनी नखाने टोचून बघितलं आणि मान हलवली.

“यालाच जाड झाकण घेऊ, कुलपाचं,” धाकटीचा नवरा अचानक म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं तसा तो गोरामोरा झाला, पण थांबला नाही. “आपल्या पैशांत बसतं. दिव्यांचे वाचतात, ते झाकणात घालू. आणि वायरिंग आपल्या वायरमनकडून, तो वीज तोडणारा स्विच बसवून. ही म्हणत होती तसं.”

“बोललास!” मोठी म्हणाली. “नशीब आमचं. आम्हाला वाटलं, तू पण शोरूममधलाच एक नमुना आहेस.”

सासूबाई उंच बैठकीवर बसल्या. पाणी खांद्यांच्या खाली थांबलं. पाय खाली गेले आणि टेकले. त्यांनी दोन-तीनदा तळपाय आपटून बघितले, खरंच टेकलेत ना म्हणून. मग डोळे मिटले. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांचे गाल ओले झाले होते, आणि ते टबातलं पाणी नव्हतं.

टब अंगणात बसला त्याला आता थोडे दिवस झाले. रोज दुपार कलली की सासूबाई गाऊन घालून निघतात, आणि रोज एकच भांडण होतं. त्यांना आत एकटीला बसायचं असतं. “सगळा जन्म तुमच्या गराड्यात काढलाय, आता पाण्यात तरी माझी मला राहू द्या,” असं त्यांचं म्हणणं. धाकटीला ते पटतं, आणि पटतं म्हणूनच जास्त राग येतो. डॉक्टरांवर, गोळ्यांवर, गरम पाणी आणि म्हातारपण यांच्या संगनमतावर. शेवटी तह झाला तो असा. धाकटीने कोपऱ्याआड बसायचं, तोंड फिरवून, आणि मधून मधून नुसती हाक मारायची. सासूबाईंनी ओ द्यायची. वेळ झाली की कुरकुर न करता बाहेर यायचं, आणि झाकणाला कुलूप धाकटीच्याच हाताने लागायचं.

आता या घटकेला सासूबाई पाण्यात आहेत. दोघे भाऊ गिऱ्हाइकाकडे सोफा पोचवायला गेलेत, मोठी गवंड्याला घेऊन ओटा फोडते आहे आणि त्या ठोकाठोकीत काही ऐकू येत नाही. धाकटी कोपऱ्याआड होती, पण आत चिमणी झोपेतून उठून हमसून हमसून रडते आहे. पोरीला उचलून आणायचं तर पाठ वळवावी लागणार, न उचलावं तर पोर खाटेवरून खाली येणार. तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. म्हणून ती तुम्हालाच सांगते आहे, हे वाचत बसलेल्या तुम्हाला. पुस्तक जरा पालथं ठेवा आणि अंगणाकडे जा. कोपऱ्यापुढे जाऊ नका, त्यांना आवडत नाही. नुसती “आई” म्हणून हाक मारा. ओ आली तर बरंच झालं. नाही आली, तर पुन्हा मारायला थांबू नका, धावा.